जिजी, नवमीचा तो थेंब

जिजी, मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी त्या तासाभरात लिहून दिल्या. त्यात तुमचं माहेर आलं, भावोजींची फौजेतली नोकरी आली, मुलं-नातवंडं आली, सढळ हात आणि करारी स्वभाव आला. तुम्ही ते वाचलं असतंत तर म्हणाला असतात, ‘ही कोण बाई आहे गं सुधा? मला पण भेटव तिला कधी.’ ते लिखाण गेलं. हे दुसरं लिहिते आहे ते कुठेही जायचं नाही, आणि घरात तर मुळीच कुणाला दाखवायचं नाही. का, ते पुढे येईल. परवा तुमचा तेरावा झाला. खालच्या मजल्यावर तुमच्या खोलीचं दार अजून उघडंच ठेवलंय, पण जिना उतरताना मी आता आत डोकावत नाही.

तुमच्यावर लिहायचं म्हणजे आपल्या भांडणावर लिहायचं. त्या एका थेंबावाचून दुसरं काय होतं आपल्यात भांडायला? घर एक, जिना एक, गॅसचा सिलिंडर संपला की एकमेकींचा ओढून न्यायचा. दौलतगंजातल्या पुराणिकाची, कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारी मुलगी तुमच्या धाकट्या दिरानं पळवून आणली, तेव्हा सगळं घर तोंड फिरवून बसलं होतं. तुम्ही तेवढ्या पुढे आलात आणि म्हणालात, ‘रडायचं नाही. तुझ्यासाठी वेगळा तवा आणलाय, त्याला आमचा मसाला लागणार नाही.’ मी तुम्हाला जाऊबाई म्हणणार होते, तोंडातून जिजी निघालं. आपल्या गावच्या हिंदीत मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. तुम्हाला ते आवडलं, आणि मग तेच राहिलं.

भांडण सुरू झालं ते माझ्या सईच्या पहिल्या खंडेनवमीला. तोवर मी नवी म्हणून लांबून बघत असे. भिंतीवरची तलवार खाली यायची, राखेनं घासून, तेल लावून चौरंगावर ठेवली जायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, मग अंगणात कोहळा कापायचा. भावोजी गेल्यावर ही पूजा कोणी करायची, असा प्रश्न निघाला होता. घरात पुरुष म्हणजे माझे हे होते, पण ‘मोठी मी आहे’ असं म्हणून तुम्ही पदर खोचून चौरंगापुढे बसलात आणि पुढे कुणी विषय काढला नाही. मला तुमचा फार अभिमान वाटला होता तेव्हा. मग तुम्ही चांदीच्या वाटीत रम ओतलीत, तलवारीच्या पात्याला तिचा शिंतोडा दिलात, आणि घरातली सगळी पोरं ओळीनं जीभ बाहेर काढून उभी राहिली. तुमचं बोट वाटीत बुडायचं आणि एकेकाच्या जिभेवर टेकायचं. मुलगा असो की मुलगी, तान्हं असो की दहावीतलं. याला तुम्ही तीर्थ म्हणत होता, आणि भावोजी होते तेव्हापासून ते तुमच्याच हातून मिळायचं.

सई माझ्या कडेवर होती. तुमचं बोट तिच्याकडे आलं आणि मी मागे सरकले. सगळ्यांच्या देखत मी म्हणाले, ‘नाही जिजी, हिला नको.’

तुम्ही रागावला नाहीत. बोट तसंच हवेत धरून विचारलंत, ‘का गं? फौजी घराची पोर आहे. जहर थोडंच देतेय?’

मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे माझ्याकडे भाषण तयारच होतं. लहान मुलाचं यकृत, वाढतं डोकं, थेंब का होईना पण कशाला. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, बोट पाण्यात धुतलंत, मधाच्या बाटलीत बुडवलंत आणि सईच्या जिभेवर टेकवलंत. ‘घे. तुझ्या आईची लिव्हरवाली गोष्ट संपेपर्यंत तुला मध.’ पुढे दर नवमीला तुम्ही ते न विसरता केलंत. सगळ्यांना रम आणि सईला मध. मी गावाला गेलेली असले तरी. नवमीला मी घरी नसले की परतल्यावर सईला विचारून खात्री करून घेत असे, आणि प्रत्येक वेळी ती नाराज होऊन सांगे, ‘मधच दिला मोठीआईनं.’

यकृताचं भाषण हे खरं कारण नव्हतं, हे तुम्हाला पुढे कळलं. माझा एक मामा होता. तो प्यायचा, आणि आमच्या घरात त्याचा उच्चारसुद्धा होत नसे. तो दुकानाच्या पायरीवर पडलेला असला तरी आई शेजारणीला सांगायची, भाऊ बाहेरगावी गेलाय. तो वारला तेव्हाही कशानं, ते कुणी बोललं नाही. आम्हा मुलांना एवढंच कळलं की जगात एक वस्तू आहे, तिला आपण शिवायचं नाही, हुंगायचं नाही आणि तिचं नाव काढायचं नाही. मी हे एकदा तुम्हाला सांगितलं तेव्हा आपण गच्चीवर पापड वाळत घालत होतो. तुम्ही म्हणालात, ‘बघ ना, तुमच्याकडे कुणी चाखत नव्हतं, तरी मामा गेलाच की. मी काय म्हणते, पोरानं पहिली चव आईच्या हातून घ्यावी. मग बाहेर कुणी ग्लास पुढे केला तर त्याला काही नवल वाटत नाही. चोरून काही करायची गरजच नाही.’ मी म्हटलं, ‘आणि ज्याला आवडली चव, त्याचं काय?’ तुम्ही पापड उलटवत म्हणालात, ‘ते ज्याचं त्याचं नशीब. पण घाबरून तर नाही ना जगणार.’

तुमच्या म्हणण्याला पुरावा म्हणून तुमचा थोरला मुलगा विक्रम होता. दर नवमीला जीभ काढून उभा राहिलेला विक्रम पुढे इंजिनियर झाला, लग्नाच्या वरातीतसुद्धा सरबत पितो. तुम्ही प्रत्येक वादात त्याला पुढे करत होता. मग हळूहळू माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून तुमचा धाकटा रणजित तयार झाला, आणि त्याला पुढे करण्याची मला कधीच हिंमत झाली नाही.

टोपी बाजारात ठोक मालाच्या दुकानात तो कामाला लागला, तेव्हाचं त्याचं हसतं तोंड मला आठवतं. पुढे घरी यायला उशीर, मग डोळे लाल, मग पगार अर्धा. तो लपवत मात्र नव्हता. सरळ तुमच्या खोलीत यायचा, पलंगाच्या पायथ्याशी बसायचा आणि म्हणायचा, ‘आई, आज पण झाली.’ तुम्ही त्याला जेवायला वाढत होता. मी वरून भांड्यांचे आवाज ऐकायची आणि मला माझी आई आठवायची. तिनं मामाला कधी असं ताट वाढलं नव्हतं. तुमच्या वाढण्यानं त्याचं पिणं थांबलं नाही, हेही खरं आहे. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली, तेव्हा तुम्ही त्याला हाताला धरून शहराबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलंत. सोबत मला घेतलंत. ‘तू चल. तू शिकलेली आहेस, काय बोलतात ते मला नीट समजावशील.’

तिथे समजवण्यासारखं काही नव्हतं. तिथली समुपदेशन करणारी मुलगी भली होती, रणजितहून लहानच असेल. प्रेमानं बोलत होती, एकेक विचारत होती. झोप कशी आहे, राग येतो का, कर्ज आहे का. मग सहज म्हणाली, ‘माताजी, इन्होंने पहली बार कब चखी थी, कुछ याद है आपको?’

मला वाटलं, तुम्ही दुकानाचं नाव घ्याल. तुम्ही म्हणालात, ‘याद है. सवा साल का था. मैंने ही चटाई थी.’

तिनं मान वर केली. ‘आपने?’

‘पूजा में.’

‘अच्छा,’ ती म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारला. बस. तिनं भुवईसुद्धा उडवली नाही, पण मी तुमच्या शेजारी बसले होते. तुमचा तीर्थ देणारा तो हात मांडीवर होता. तुम्ही तो उलटा केलात आणि पदराखाली घेतलात. घरी येऊन भाजी चिरायला घेतलीत, आणि मी कोथिंबीर निवडत बसले.

त्या वर्षीच्या नवमीला तुम्ही पूजा केलीत. तलवारीला शिंतोडा दिलात. पोरं सवयीनं ओळीत उभी राहिली आणि तुम्ही पेढ्यांचा डबा उघडलात. विक्रमच्या मुलानं विचारलं, ‘मोठीआई, वो वाला तीर्थ?’ तुम्ही म्हणालात, ‘यंदा पेढा. खायचा तर खा.’ आणि वाटीतली उरलेली रम तुळशीत न टाकता बाहेर जाऊन नाल्यात ओतून आलात. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकले होते. मला त्या दिवशी असं वाटलं की तुम्ही ती वाटी पुन्हा भरावी, मी पुन्हा भाषण करावं आणि तुम्ही पुन्हा माझी टिंगल करावी. मला ती तुमची हार बघवली नाही जिजी.

एकदा मात्र तुम्ही पूर्वीसारख्या हसलात. थंडीत सई इंदूरहून सुट्टीला आली होती. तुम्ही मटार सोलत होता, मी शाळेचे पेपर तपासत होते. सई मधे येऊन बसली आणि म्हणाली, ‘आई, तुला एक सांगायचंय. चिडू नकोस.’ होस्टेलच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला ती प्यायली होती. पहिल्यांदाच. नंतर उलट्या, रडारड, आणि सकाळी उठून तिनं फोन केला होता. मला नाही, तुम्हाला. तुम्ही तिला लिंबूपाणी प्यायला सांगितलंत, दहीभात खायला सांगितलंत, आणि म्हणालात, ‘आईला तू स्वतः सांगायचं. मी नाही सांगणार, आणि तू पण लपवायचं नाहीस.’ ती ते तीन आठवडे पोटात ठेवून आली होती.

माझं तोंड कसं झालं असेल ते तुम्ही बघितलंत. तिच्या पिण्याचा राग होताच, पण त्याहून जास्त मला हे लागलं की माझ्या मुलीनं मला फोन केला नाही. मी तुम्हाला विचारलं, ‘तुम्हालाच का केला?’ तुम्ही शेंग मोडत म्हणालात, ‘तिला माहीत होतं मी घाबरणार नाही म्हणून. तू परेशान होतेस लगेच.’ मग म्हणालात, ‘आता बोल सुधा. मध चाटलेली पोर प्यायली की नाही?’ मी म्हटलं, ‘आणि रम चाटलेला विक्रम सरबत पितो. आता तुम्ही बोला.’ आणि आपण दोघी हसायला लागलो ते थांबेनाच. सई बघत राहिली. ‘तुम्ही दोघी पागल आहात क्या?’ म्हणाली. रणजितचं नाव आपण दोघींनी घेतलं नाही. मटाराची टोपली संपेपर्यंत आपण नुसत्या हसत होतो.

त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार मानायला हवे होते. सईनं कुणाला तरी फोन केला, आणि ती घरातलीच कुणी होती, हे तुमच्यामुळे. मामानं आमच्या घरात कुणाला सांगितलं असतं? मी आभार मानले नाहीत, मटारभात केला. तुम्ही दोनदा मागून घेतलात, म्हणजे तुम्हाला कळलं असावं, असं मी धरून चालते.

आता दवाखान्यातलं. दुपारची वेळ होती, हे औषधं आणायला खाली गेले होते. तुमच्या पायांना सूज होती, आवाज बारीक झाला होता, पण डोळे तेच. तुम्ही माझं मनगट धरलंत. ‘सुधा, तू सायन्सवाली आहेस. खरं सांग. रणजितचं माझ्या बोटानं झालं का?’

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तपासणीला न्यायला माणसं आली, पलंगाची चाकं सोडली. तुम्ही म्हणालात, ‘उद्या सांग. विचार करून सांग. मला खोटं सांगून बहलवू नकोस, मला समजतं.’ आणि खरंच, तुम्हाला समजत असे. माझ्या खोट्या बोलण्याला तुम्ही कधी फसला नाहीत, अगदी ‘भाजी छान झालीये’ म्हटलं तरी. म्हणून मी घरी येऊन खरोखर विचार केला. वर्षातून एका थेंबानं कुणी दारुडा होत नाही, एवढं मला ठाऊक आहे. पण घरानंच देवाच्या नावानं हातात दिलेली वस्तू मुलाला परकी वाटत नाही, हेही मी वर्षानुवर्षं तुम्हाला ऐकवत आले होते. मग रणजितला ती तशी आपलीशी वाटली का? मला माहीत नव्हतं. मला ‘नाही’ म्हणायचं होतं आणि ते खरं आहे याची खात्री नव्हती. सकाळी डबा भरत असताना विक्रमचा फोन आला, आणि तो भरलेला डबा दिवसभर ओट्यावरच राहिला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, रणजित मोठी पातेली परत करायला वर आला. बसला. मी चहा टाकला. जिजी, तो बरा आहे. वाळलाय, पण डोळे स्वच्छ आहेत. केंद्रातून आल्यापासून त्यानं घेतलेली नाही. तुमच्या दहाव्यालाही नाही, तेराव्याला फौजी सोयऱ्यांनी बाजूला गुपचूप बाटली काढली होती तेव्हाही नाही. तो उठून चपला लावायला बाहेर गेला. मुलगी दर रविवारी येते त्याच्याकडे. त्याची बायको अजून येत नाही, पण तेराव्याला आली होती, आणि जाताना त्याला म्हणाली, ‘जेवून घ्या.’

मी कपात चहा ओतला आणि विचारलं. इतकी वर्षं आपण दोघींनी वाद घातला, बिचाऱ्याला एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘रणजित, नवमीला आई बोटानं तीर्थ द्यायची, ती चव आठवते तुला?’

तो जरा चकित झाला. ‘चव? नाही काकी. चव कुणाला याद आहे.’ मग कप फिरवत म्हणाला, ‘मला बस इतकं याद आहे की आई हनुवटी धरायची. अशी. तोंड वर करून बघायची आमच्याकडे. बाबा तर पोस्टिंगवर असायचे, आई सकाळपासून कामात. एरवी तिला टाइम कुठे होता आमच्याकडे असं बघायला. मी तर ओळीत दुबारा लागायचो.’

‘मग पुढे प्यायला का लागलास रे?’

‘रात्री दुकान बढवलं, शटर पाडलं की सगळे मागे प्यायला बसायचे. मी पण बसलो. पहिले कितीतरी दिवस तर आवडत पण नव्हती, उलटी व्हायची. पण उठून एकटा घरी जायचं बरं नव्हतं वाटत.’ त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला. ‘हे आईला सांगायचं राहिलं. तिनं कधी विचारलं नाही, आणि मला वाटलं तिला माहीतच असेल.’

त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. तुमचेच डोळे आहेत त्याचे. ‘का काकी? आई काही बोलली होती का? जाताना?’

तुम्ही काय विचारलं होतंत ते त्याला सांगितलं असतं, तर तो ते घेऊन जिना उतरला असता, आणि टोपी बाजार काही लांब नाही. त्याला बहलवणं तुमच्याइतकं अवघड नाही. मी म्हणाले, ‘नाही रे. मी आपलं सहज विचारलं.’ तो हो म्हणाला, कप स्वतः विसळून ठेवला आणि खाली गेला.

नाही, जिजी. तुमच्या बोटानं नाही झालं.